फुंकर मारण्याआधी

केकवरची मेणबत्ती फुंकर मारली की विझते. चुलीतला निखारा फुंकर मारली की फुलतो. तोंड तेच, हवा तीच, जोरही तोच. मग एकीकडे आग मरते आणि दुसरीकडे अंग झटकून उठते, हे कसं काय?

गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टी आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतात, पण त्यांची कधी गाठ पडत नाही. एक घडते हॉलमध्ये फुग्यांखाली, दुसरी गावाकडच्या चुलीपाशी, नाहीतर हुरड्याच्या आगटीभोवती. सात ते अकरा वर्षांच्या डझनभर मुलांसमोर हा प्रश्न टाकून बघा. वाढदिवसाच्या दोन तासांचा कार्यक्रम ठरलाच म्हणून समजा.

त्यासाठी माइकवर ओरडणारा सूत्रसंचालक लागत नाही. संगीतखुर्चीही नको (पाहुण्यांना एकेक करून बाहेर काढण्यात कसला आलाय खेळ?). सामान एवढंच: चारदोन जाड मेणबत्त्या, फुगे, खाण्याचा सोडा, व्हिनेगर, पानवाल्याकडचा चुना, कागदी स्ट्रॉ, कात्र्या आणि पाण्याने भरलेली एक बादली. बादली शोभेची नाही. काडी ओढायची ती मोठ्या माणसानेच, मोकळे केस आधी बांधायचे, झुळझुळीत फ्रॉक आणि ओढण्या ज्योतीपासून लांब. आणि तो फेस उडवणारा स्प्रे दुकानातच राहू द्या. त्याच्या डब्यात दाबाखाली भरलेला वायू बहुतेकदा पेट घेणारा असतो, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातल्या वायूचाच भाऊबंद. पेटत्या मेणबत्तीसमोर तो उडवणं म्हणजे आगीचा फवारा सोडणं.

आता एक जाड मेणबत्ती पेटवा आणि विचारा, जळतंय काय? निम्मी मुलं म्हणतील वात, निम्मी म्हणतील मेण. वात जळत असेल तर नुसता दोरा पेटवून बघा, काही सेकंदांत राख. मेण जळत असेल तर मेणाच्या तुकड्याला काडी लावून बघा. ते वितळेल, ओघळेल, पण पेटणार नाही. म्हणजे दोन्ही उत्तरं चूक, आणि ज्योत तर समोर मजेत जळते आहे!

इथे फुंकर मारा. वातीतून पांढुरक्या धुराची एक रेष वर चढेल. पेटलेली काडी त्या रेषेला लावा, वातीला नाही, तिच्या दोन-तीन सेंटीमीटर वर. ज्योत धुरावरून उडी मारून खाली येते आणि वातीवर बसते. पहिल्यांदा बघणारं मूल हमखास ओरडतं, ‘परत!’ आणि परत करावंच लागतं.

कारण तो धूर नुसता धूर नाही. ती मेणाची वाफ आहे, थंड होऊन तिचे बारीक कण झालेले. जळत असते ती ही वाफ. ज्योतीच्या धगीने मेण वितळतं, पातळ मेण वातीच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून वर चढतं, वर पोचल्यावर त्याची वाफ होते आणि ती वाफ हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळते. त्याची धग पुन्हा खालचं मेण वितळवते. स्वतःचं इंधन स्वतःच वितळवून, स्वतःच उचलून घेणारं यंत्र! ना पंप, ना झडप, ना एकही हलणारा भाग. औक्षणाच्या निरांजनात हेच चाललेलं असतं, फक्त मेणाच्या जागी तूप आणि दोऱ्याच्या जागी फुलवात.

आता पहिल्या कोड्याचं उत्तर मुलांकडूनच येतं. फुंकर मारली की वाफेचा तो छोटासा ढग वातीवरून उडून जातो. इंधन एकीकडे, आग दुसरीकडे. शिवाय वात गार होते, नवी वाफ उठत नाही. निखाऱ्याचं तसं नाही. तिथे उडून जाईल असं काही नसतंच, कोळसा घन असतो आणि तो जळतो आपल्याच पृष्ठभागावर. फुंकर त्याच्यावरची राख उडवते आणि ताजा ऑक्सिजन आणून देते. आपण बाहेर टाकलेल्या श्वासात ऑक्सिजन संपलेला नसतो का? नाही, हाही एक धक्काच आहे! आत घेतलेल्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो आणि बाहेर टाकलेल्या श्वासात अजून १६ टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहतो. शिवाय फुंकर आजूबाजूची हवाही ओढून नेते.

या उत्तराची परीक्षा घेणारी वस्तू पार्टीच्या दुकानातच मिळते: कितीही फुंकली तरी पुन्हा पेटणारी ‘जादूची’ मेणबत्ती. तिच्या वातीत मॅग्नेशियमची पूड असते. ज्योत गेली तरी वातीच्या टोकाला ठिणगी धुमसत राहते; ती मॅग्नेशियमला पेटवते आणि मॅग्नेशियम वर उठणाऱ्या वाफेला. एकाच वातीत मेणबत्तीही आणि निखाराही. खेळ संपला की ती पाण्यातच बुडवायची, कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही.

ज्योत पिवळी का दिसते? स्टीलच्या चमच्याचा बाहेरचा भाग क्षणभर ज्योतीत धरा. काळा होईल. निरांजनावर ताटली धरून पूर्वी घरी काजळ धरायचे, ते हेच. काजळीचे हे कण ज्योतीच्या आत तापून लखलखतात म्हणून आपल्याला उजेड मिळतो. जगातली सगळ्यात काळी म्हणावी अशी वस्तू, आणि मेणबत्तीचा प्रकाश तिचा! आणि ज्योत टोकदार का? गरम हवा हलकी होऊन वर धावते आणि ज्योतीला सोबत ओढते म्हणून. जिथे वर-खाली असं काही उरत नाही तिथे काय होईल? १९९२ साली अमेरिकेच्या अंतराळयानात मेणबत्ती पेटवून पाहिली, तेव्हा ज्योत गोलसर, मंद आणि निळी दिसली. अंतराळात वाढदिवस केला तर मेणबत्तीवर निळा मणी बसेल.

मुलांना मेणबत्ती दाखवून थक्क करण्याची ही कल्पना माझी नाही. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी विज्ञानाची व्याख्यानं होत आली आहेत. १८६०च्या डिसेंबरात तिथे ६९ वर्षांचा एक म्हातारा उभा राहिला आणि एका मेणबत्तीवर त्याने सहा व्याख्यानं दिली. मायकेल फॅरडे. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, चौदाव्या वर्षापासून पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी. बांधायला आलेली पुस्तकं हा पोरगा आधी वाचून काढायचा. पुढे त्याच माणसाने १८३१ मध्ये तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आत-बाहेर सरकवून वीज निर्माण केली. आज घरोघरी येणारी बहुतेक वीज त्याच तत्त्वावर बनते. एवढ्या मोठ्या माणसाला मुलांसमोर उभं राहायला विषय सापडला तो मेणबत्ती! सृष्टीच्या अभ्यासात शिरायला यापेक्षा चांगलं दार नाही, असं त्याचं मत होतं. ही व्याख्यानं १८६१ मध्ये पुस्तकरूपाने आली.

फॅरडेचा पुढचा प्रश्न मुलांना भारी अडवतो. मेणबत्ती संपली, मग मेण गेलं कुठे?

फ्रीजमध्ये ठेवलेला स्टीलचा पेला बाहेर काढून नीट पुसा आणि ज्योतीच्या जरा वर उपडा धरा. आतून धुकं धरतं. बोट फिरवलं तर ओलं! आगीतून पाणी निघालं. आता त्याच पेल्यावर तोंडाने ‘हाऽ’ करा. तसंच धुकं. इथे जरा थांबा. कुणीतरी विचारतंच, ‘म्हणजे आपण पण...?’

तोवर दुसरी तयारी असू द्या. आदल्या दिवशी पानाचा चुना बाटलीभर पाण्यात ढवळून ठेवला की सकाळी वर निवळी आलेली असते, पाण्यासारखी नितळ. तिचे दोन भाग करा. एका बरणीत बुडाशी छोटी मेणबत्ती पेटवून वर झाकण ठेवा. ती विझली की निवळी ओतून लगेच पुन्हा झाकण लावा आणि हलवा. निवळी दुधाळ होते. दुसरा भाग ग्लासात घ्या आणि एका मुलाला स्ट्रॉने त्यात हळू फुंकायला सांगा. फुंकायचंच, ओढायचं नाही. चुना तोंडात किंवा डोळ्यात गेला तर झोंबतो, म्हणून इथे मोठ्या माणसाचा हात ग्लासावर हवा. ही निवळीही दुधाळ!

दोन्हीकडे दूध करणारा एकच वायू आहे, कार्बन डायऑक्साइड. साध्या हवेत तो ०.०४ टक्क्यांच्या आसपास, आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के. शंभरपट! आणि मेण नाहीसं झालेलं नाही. एक ग्रॅम मेण पूर्ण जळलं तर तीन ग्रॅमहून जास्त कार्बन डायऑक्साइड आणि सव्वा ग्रॅमहून जास्त पाणी तयार होतं. एकातून चार कसे झाले? उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. म्हणजे मेणबत्ती मेण खाते त्याहून किती तरी जास्त हवा खाते.

आणि आपण? आपणही ऑक्सिजन आत घेतो, पोळीभात जाळतो, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. जाडसर मेणबत्ती तासाला साधारण सहा-सात ग्रॅम मेण जाळते आणि ऐंशी वॅटच्या आसपास उष्णता देते. शांत बसलेला मोठा माणूस किती देतो? जवळजवळ तेवढीच! फरक इतकाच की ज्योतीत जे हजार-बाराशे अंश सेल्सियसवर होतं, ते शरीर सदतीस अंशांवर, असंख्य छोट्या पायऱ्यांनी, चटका न बसता उरकतं. बंद खोलीत वीस पाहुणे जमल्यावर उकडायला का लागतं ते आता कळलं ना? वीस मेणबत्त्या सोफ्यावर बसलेल्या असतात. वाढदिवसाला ज्योत विझवायची कशाला, असं कुरकुरणारे ज्येष्ठ घरोघरी असतात. हा हिशेब ऐकल्यावर मला त्यांची बाजू थोडी पटायला लागली आहे.

याच वायूचा एक खेळ दिसायला निव्वळ जादू आहे. मोठ्या जगमध्ये दोन चमचे खाण्याचा सोडा टाका, वर अर्धी वाटी व्हिनेगर ओता. फसफसणं शांत होऊ द्या. जग रिकामाच दिसतो, पण वायू त्यात साठलेला असतो, कारण तो हवेच्या दीडपट जड आहे. पेटत्या मेणबत्तीवर जग अलगद कलता करा, पातळ पदार्थाचा थेंबही न सांडता. काहीही ओतलेलं दिसत नाही, आणि ज्योत विझते. खोल भांड्यात लहानमोठ्या तीन मेणबत्त्या लावून कडेने हा वायू सोडला तर आधी बुटकी जाते, मग मधली, मग उंच. न दिसणारं पाणी भांड्यात चढत जातं. केकमधली जाळीही याच वायूची. सोड्याला दह्याची आंबट संगत मिळाली की बुडबुडे सुटतात आणि भट्टीची धग त्यांना जागच्या जागी पकडून ठेवते. यावर फार बोलू नका, कारण केकचं नाव काढलं की मुलांचं लक्ष उडतं.

फुग्यांकडे वळू. रबराचा पहिला फुगा कुणी केला असेल? पुन्हा तोच, फॅरडे! १८२४ मध्ये त्याला हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी पिशव्या हव्या होत्या. रबर पक्कं करायची रीत अजून निघायची होती, त्यामुळे ते चिकट असे. त्याने कच्च्या रबराचे दोन पत्रे एकावर एक ठेवले, आतून पीठ भुरभुरलं आणि कडा नुसत्या दाबल्या. पीठ होतं तिथे रबर सुटं राहिलं, नव्हतं तिथे चिकटलं. झाली पिशवी. आपल्या वाढदिवसाचं छत जिने भरलेलं असतं ती वस्तू प्रयोगशाळेतून निसटलेली आहे.

फुगा फुगवताना पहिल्या फुंकरीलाच गाल का दुखतात? पुढे तर तो सहज फुगतो. आपल्याला वाटतं फुगा जितका मोठा तितका आतला दाब जास्त. उलट आहे! सुरुवातीच्या चिवट टप्प्यात दाब सगळ्यात जास्त असतो, नंतर तो उतरतो आणि अगदी फुटायच्या बेताला आला की पुन्हा चढतो. विश्वास बसत नसेल तर बॉलपेनची रिकामी नळी घ्या. एका टोकाला मोठा फुगलेला फुगा, दुसऱ्या टोकाला लहान फुगलेला, दोन्हींच्या माना पिळून धरलेल्या. पिळे सोडण्याआधी पैज लावा. सगळी मुलं म्हणतील, मोठा लहानाला हवा देईल, दोघे सारखे होतील. पिळे सोडा. लहान आणखी लहान होतो आणि मोठा आणखी फुगतो! (मोठे लोक या प्रयोगावर हटकून व्यवहारातले शेरे मारतात. मारू द्या.)

न फुगवलेला फुगा घ्या, झटकन ताणा आणि ताणलेलाच वरच्या ओठाला लावा. कोमट लागेल. थोडं थांबून सैल सोडा आणि लगेच पुन्हा लावा. गार! हे इंग्लंडच्या जॉन गॉफ यांनी १८०५ मध्ये मांडलं. देवीच्या रोगाने लहानपणीच त्यांचे डोळे गेले होते. डोळसांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट त्यांच्या ओठांनी पकडली. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता. ताणलं की गुंता सुटून ते ओळीत येतात आणि ऊब बाहेर पडते. सोडलं की पुन्हा गुंततात आणि ऊब शोषून घेतात.

‘आपण फुगवलेला फुगा वर का जात नाही?’ हा प्रश्न येणारच. कारण आपली फुंकर हवेपेक्षा पुरेशी हलकी नसते आणि वर रबराचं ओझं. जत्रेतल्या वर जाणाऱ्या फुग्यांत मात्र पुष्कळदा हायड्रोजन असतो, फॅरडेच्या पिशवीत होता तोच, आणि तो भडकन पेट घेतो. असे फुगे आणि मेणबत्त्या एका खोलीत कधीच नकोत. हेलियम पेटत नाही. तो तर आधी सूर्यावर सापडला! १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली, आणि पृथ्वीवर तो वायू हाती यायला १८९५ उजाडलं. त्या ग्रहणाच्या आठवणीने आपल्या विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि हेलियमचा दिवस साजरा करतात. ज्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरसाहेबांचं नाव त्या ओट्यांशी जोडलं जातं ते त्या दिवशी होते इंग्लंडात, पण किल्ला बघायला मुलांना न्यायला एवढं निमित्त पुरे.

आता केक कापा. टाळ्या, गाणं, पोटभर खाणं.

परतभेट म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत प्लास्टिक घालून देऊ नका. प्रत्येकाला एक कागदी स्ट्रॉ आणि बोथट टोकाची कात्री द्या. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करायला शिकवली, त्यांतलं हे एक खास. स्ट्रॉचं एक टोक बोटांनी दाबून चपटं करा, दोन्ही कोपरे तिरके कापून त्याला चोच काढा, चोच ओठांत धरून जोरात फुंका. पहिल्यांदा नुसती हवा जाते. ओठ थोडे पुढेमागे करा. अचानक पिपाणी बोंबलते! चोचीच्या दोन पात्या फुंकरीने थरथरतात आणि नळीतली हवा त्यांच्या तालावर नाचते. सनईच्या तोंडाशीही पात्याच असतात. पपईच्या देठाची पिपाणी ज्यांनी वाजवली आहे त्यांना हे शिकवायला नको.

खरी मजा पुढे आहे. एकाने वाजवत राहायचं आणि मोठ्या माणसाने लांबच्या टोकाकडून स्ट्रॉचा एकेक तुकडा कापत जायचं. दर कात्रीसरशी सूर वर चढतो, कारण आतल्या हवेचा खांब आखूड होतो आणि आखूड खांब भरभर थरथरतो. बासरीवाला भोकांवरची बोटं उचलतो तेव्हा तोही हेच करत असतो, फक्त बासरी न कापता. तीन मुलांच्या तीन लांबीच्या पिपाण्या जुळवल्या तर त्यावर एखादी ओळखीची चाल निघते. डझनभर मुलांच्या डझनभर लांबीच्या पिपाण्यांवर मात्र काय निघतं ते लिहून सांगता येत नाही. वरच्या आणि खालच्या मजल्यावर केकचा एकेक तुकडा आधीच पोचवून ठेवा.